वाईन, व्हाईन आणि व्हिन्यर्ड: इंग्रजी उच्चारांच्या आणि शब्दांच्या चुका कोणत्या क्रमाने सुधारायच्या

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचला येणारी मंडळी पहिल्याच दिवशी एक वही पुढे करतात. वहीत मोबाईलवरून उतरवलेली शंभरेक शब्दांची यादी असते: कर्नल, रॉन्देव्हू, आंत्रप्रनर. यादी चोख पाठ झालेली असते. मग तोच मुलगा, हॉटेलात वेटर असलेला, मला सरावात विचारतो, "मॅडम, वुड यू लाईक टू टेस्ट अवर मिसळ?" मिसळ चाखायची की तिची तपासणी करायची, हे ऐकणाऱ्या परक्या पाहुण्याला कळत नाही.

घोळ यादीत नाही, क्रमात आहे. रॉन्देव्हू वर्षातून एकदा कानावर पडतो. लेट, सेल, पेपर, टेस्ट, वाईन हे शब्द रोज पन्नासदा तोंडात येतात आणि समोरच्याच्या कपाळावर आठी आणतात तेच. म्हणून आधी आपल्या मराठी जिभेची सवय शोधायची, मग इंग्रजी स्पेलिंगचे सापळे आणि सगळ्यात शेवटी अर्थाचे घोटाळे. हा क्रम उलटा केलात तर दोन महिन्यांनी आहात तिथेच असाल.

हे सगळं इंग्रजी समजणाऱ्या पण बोलताना अडखळणाऱ्यांसाठी आहे: हॉटेलचं रिसेप्शन सांभाळणारे, द्राक्षाच्या पॅकहाऊसमधले सुपरवायझर, अंबड-सातपूरच्या ऑफिसांतले कर्मचारी, २०२७ च्या सिंहस्थासाठी घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या विचारात असलेले. रोज वीस मिनिटं दिलीत तर सहा ते आठ आठवड्यांत फरक ऐकू येतो.

## तयारी

तीन गोष्टी लागतात. रेकॉर्डिंग होणारा मोबाईल, हातात धरायचा छोटा आरसा आणि बोलणारा शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही शब्दकोशांच्या वेबसाइटवर शब्दापुढे भोंग्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकू येतात, पैसे लागत नाहीत.

दोन्हींपैकी एक आजच निवडा. शेड्यूल म्हणा किंवा स्केज्यूल म्हणा, दोन्ही बरोबर आहे. एकाच संभाषणात दोन्ही म्हटलंत तर मात्र विचित्र वाटतं. आपल्या शाळांचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं असल्याने मी तेच शिकवते.

सावधान: वहीत उच्चार देवनागरीत लिहून पाठ करू नका. देवनागरी ही कुबडी आहे. मीही इथे तीच वापरणार आहे, कारण कागदावर दुसरा इलाज नाही. पण प्रत्येक शब्द शब्दकोशात ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुबडी नेमकी कुठे दगा देते ते चौथ्या टप्प्यात येईल.

## १. स्वतःला ऐका

तुमच्या कामातली पाच इंग्रजी वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत. "युवर रूम इज ऑन द सेकंड फ्लोअर," "द कंटेनर विल बी लेट," अशी रोजची. रेकॉर्ड करा, पण ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान आपलेच लाड करतो.

ऐकताना डोळ्यांपुढे कागद नको. जो शब्द कागदाशिवाय स्वतःलाच नीट कळला नाही, तो लिहून काढा. साधारण पंधरा-वीस शब्द निघतात. चाळीस निघाले तर तुम्ही घाईघाईत बोलताय. वेग कमी करून पुन्हा रेकॉर्ड करा.

हे पहिलं रेकॉर्डिंग पुसू नका. आवाज ऐकवत नाही म्हणून बरेच जण ते उडवतात आणि मग शेवटी तुलनेला काही उरत नाही.

## २. तीन ढीग करा

निघालेले शब्द तीन ढिगांत टाका. पहिला ढीग जिभेचा: आवाजच चुकतो, जसं वाईनचं व्हाईन. दुसरा डोळ्यांचा: स्पेलिंग जसंच्या तसं वाचल्याने चुकतो, जसं रिसीटचं रिसिप्ट. तिसरा डोक्याचा: उच्चार बरोबर पण शब्दच भलता, जसं लेंडच्या जागी बॉरो.

पहिल्या ढिगातली एक सवय सुटली की पन्नास शब्द एका दमात सुधारतात. दुसऱ्या ढिगातला एक शब्द सुधारला की फक्त तो एकच सुधारतो. म्हणून पहिला ढीग आधी.

## ३. स्वर: इथेच निम्मं काम आहे

मराठीत एकच ए आहे. इंग्रजीत त्याच्या जागी दोन वेगळे आवाज आहेत. एक आखूड, तोंड जागेवर ठेवून म्हटलेला. दुसरा ए पासून निघून इ कडे सरकणारा. हा सरकणारा आवाज मी इथे 'एइ' असा लिहिते.

टेस्ट म्हणजे चाचणी, टेइस्ट म्हणजे चव. सेल म्हणजे विकणे, सेइल म्हणजे विक्री. पेन लिहायचं, पेइन दुखण्याचं. लेट म्हणजे करू देणे, लेइट म्हणजे उशीर. पेपर म्हणजे मिरी, पेइपर म्हणजे कागद. आपण सगळ्यांना एकाच मापाचा ए लावतो. दवाखान्यात "आय हॅव पेन इन माय लेग" ऐकून मराठी डॉक्टर समजून घेतो, परदेशी पाहुण्याला मात्र मांडीत पेन घुसल्याचं चित्र दिसतं.

निफाड-पिंपळगावकडच्या लोकांसाठी खास जोडी आहे. रेइझन म्हणजे बेदाणा आणि रेझिन म्हणजे राळ. माझ्या बॅचमधल्या एका बेदाणा व्यापाऱ्याने परदेशी खरेदीदाराला फोनवर तीनदा "रेझिन" सांगितलं. समोरच्याने नम्रपणे विचारलं, ती कोणत्या झाडाची?

करून पाहा. आरशात बघत 'टेइस्ट' म्हणा. जबडा किंचित वर सरकताना आणि ओठ ताणले जाताना दिसले पाहिजेत. 'टेस्ट' म्हणताना काहीच हलता कामा नये. दहा-दहा वेळा, आलटून पालटून.

ओ चंही तेच. कार्यालयाचा हॉल, भिंतीतलं होउल. आपल्याकडे "मॅरेज होल" हमखास ऐकू येतं. लॉ म्हणजे कायदा, लोउ म्हणजे खालचा. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. आपल्याकडे ऑ चं स्वतंत्र चिन्ह आहे, तो आवाज आपल्याला येतो. फक्त त्याला ओ पासून वेगळं ठेवायचं. आणि हो, सूप ज्यात देतात तो बोउल. बाऊल नाही. मेन्यू वाचून दाखवताना दहापैकी आठ जण बाऊल म्हणतात. मीही कित्येक वर्षं म्हणत होते.

बॅड आणि बेड, मॅन आणि मेन यांत गोंधळ होत असेल तर जबडा पुरेसा उघडत नाहीये. ॲ ला दोन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडा. हॉटेलांच्या पाट्यांवर 'स्नॅक्स'चे 'स्नेक्स' होतात त्याचं मूळ हेच. आधी जिभेने साप केला, मग पेंटरने तो रंगवला.

ऱ्हस्व-दीर्घ इ चं एक वेगळंच प्रकरण आहे. कागदावर आपण ऱ्हस्व-दीर्घासाठी मार्क कापतो, पण बोलताना मधली वेलांटी कुणी मोजत नाही. इंग्रजीत मोजतात. शिप आणि शीप, फिल आणि फील यांत नुसती लांबी वेगळी नसते. आखूड इ मध्ये ओठ सैल असतात, लांब ई मध्ये हसल्यासारखे ताणलेले.

सावधान: कागदाचा ताव मागताना शीट आणि समुद्रकिनाऱ्याचा बीच हे दोन शब्द आखूड निघाले तर सरळ शिवी होते. ऑफिसात शंका असेल तर 'अ पीस ऑफ पेइपर' म्हणा आणि सुटा.

तपासणी: टेस्ट-टेइस्ट, सेल-सेइल, पेन-पेइन, हॉल-होउल, शिप-शीप हे दहा शब्द उलटसुलट क्रमाने रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवा. त्याने अर्थ मराठीत सांगायचा. दहापैकी आठ जुळले तर पुढे. नाही तर आणखी तीन दिवस इथेच. इथे घाई केलेले लोक मला सहाव्या टप्प्यावर परत मागे आणावे लागतात.

## ४. व आणि व्ह: नाशिककराची खास परीक्षा

दुसऱ्या कुठल्या शहरात ही चूक खपून जाईल. इथे नाही, कारण इथे वाईन आणि व्हाईन दोन्ही पिकतात. वाईन म्हणजे पेय, व्हाईन म्हणजे वेल. दिंडोरीकडे पाहुण्यांना मळा दाखवणाऱ्या मुलाला एकाच वाक्यात दोन्ही म्हणायचे असतात.

आपला 'वारा'मधला व या दोहोंच्या मधला आहे. ओठ थोडे जवळ येतात, दात जवळ जातात, पण धड काहीच टेकत नाही. इंग्रजीला मधलं चालत नाही.

व्ही साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज काढत राहा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यू साठी दात विसरा. ओठांचा ऊ सारखा चंबू करा आणि झटकन उघडा: ऊ-आईन, ऊ-आईन, वाईन. आरशात पाहिलंत तर व्हाईनला दात दिसतील, वाईनला ओठांचं गोल भोक.

आता कुबडीचा दगा. मराठीत आपण व्हॅन, व्हिडिओ, व्हॉल्व्ह असं लिहितो. बरोबर आहे, ते व्ही. पण आपण व्हाईट, व्हील, व्हॉट, व्हॉट्सॲप असंही लिहितो, आणि तिथे आहे डब्ल्यू-एच! एकच व्ह आपण दोन वेगळ्या आवाजांना दिला. म्हणून नीट मराठी वाचणारा माणूस व्हाईट म्हणताना दात टेकवतो. डब्ल्यू-एचने सुरू होणारे वाईट, वील, वॉट, वाय, वेअर हे सगळे ओठांचे शब्द आहेत, दातांचे नाहीत. हू, हूज आणि होउल म्हणजे 'संपूर्ण', हे अपवाद. त्यांत डब्ल्यू गप्प बसतो आणि ह बोलतो.

आणि द्राक्षमळ्याचा शब्द. वाईनयार्ड नाही, व्हाईनयार्डही नाही. व्हिन्यर्ड. सुरुवात दातांनी, इ आखूड, शेवटचा 'यर्ड' जवळजवळ गिळलेला. शब्दकोशात ऐका, ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही.

सावधान: हा टप्पा शिकल्यावर पुढचे आठ दिवस लोक जिथे तिथे दात टेकवायला लागतात. वॉटरचं व्हॉटर, वीकचं व्हीक. उत्साहाची चूक ही आळसाच्या चुकीपेक्षा जास्त खटकते. रोज पाच शब्द व्हीचे, पाच डब्ल्यूचे असे मिसळूनच म्हणा.

## ५. झेड

झाडातला झ म्हणताना जीभ वर टेकते आणि सुटते. इंग्रजी झेडमध्ये ती टेकतच नाही. दातांमागे जवळ राहते आणि भुंग्यासारखा आवाज चालू राहतो. स म्हणत राहा आणि मध्येच घशातून आवाज सोडा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर लागेल. तोच झेड.

हा आला की बरीच स्पेलिंगं आपोआप जागेवर बसतात. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, स ने. ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे, झेड ने. लूस म्हणजे सैल, त्यात ओ दोन. लूझ म्हणजे हरवणे, त्यात ओ एकच, कारण एक हरवला. प्राइस म्हणजे किंमत, प्राइझ म्हणजे बक्षीस. 'इज' हा तर प्रत्येक वाक्यात येतो आणि तो खरं म्हणजे 'इझ' आहे. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढा एक सुधारा.

## ६. आघात, म्हणजे ढोल कुठे वाजवायचा

मराठीत आपण शब्दाच्या सगळ्या अक्षरांना साधारण सारखं वजन देतो. इंग्रजीत एका तुकड्यावर पूर्ण वजन पडतं आणि बाकीचे दबतात. मी वर्गात सांगते, नाशिक ढोल आठवा. एक ढम जोरात, बाकी सगळा ताशा. प्रत्येक अक्षरावर ढम मारलात तर मिरवणूक पुढेच सरकणार नाही.

टेबलावर हाताने वाजवत म्हणा. डेव्हलपमेंटचा ढम दुसऱ्या तुकड्यावर: डि-व्हे-लप-मंट. आपण पहिल्यावर मारतो. इक्विपमेंट, कमिटी, पर्सेंटेज, सर्टिफिकेट, इव्हेंट, हॉटेल, सगळ्यांचा ढम दुसऱ्यावर. कॅलेंडरचा पहिल्यावर. फोटोग्राफचा पहिल्यावर, पण फोटोग्राफरचा दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार 'फटॉग्रफर'च्या जवळ जातो.

निर्यातीच्या धंद्यातल्या लोकांनी इथे थांबावं. एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, रेकॉर्ड, परमिट, प्रोड्यूस हे शब्द नाम असताना ढम पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. शेतमाल म्हणजे प्रॉ-ड्यूस. उत्पादन करणे म्हणजे प्र-ड्यूस. "वी प्रड्यूस ग्रेप्स" आणि "फ्रेश प्रॉड्यूस" ही दोन्ही वाक्यं पॅकहाऊसच्या भिंतीवर लावून ठेवली तरी हरकत नाही.

तपासणी: पहिल्या टप्प्यातली तीच पाच वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करा. या वेळी शब्द न म्हणता नुसतं 'डा-डा-ढम' करत त्यांची लय म्हणा. लय सापडली नाही तर शब्दकोशात ढम शोधा. उच्चाराच्या खुणांत ज्या तुकड्याआधी वर छोटी उभी रेघ असते, तो जोराचा.

## ७. गप्प बसणारी अक्षरं

आता दुसरा ढीग, आणि आता कुठे ती मोबाईलवरची यादी उघडायची. हा टप्पा भराभर होतो कारण यात नियम थोडे आणि पाठांतर जास्त.

बी गप्प: डेट म्हणजे कर्ज, डाउट, प्लमर, बॉम, टूम, सटल. पी गप्प: रिसीट. रिसिप्ट हा शब्दच नाही. एस गप्प: आयलंड, डेब्री. टी गप्प: लिसन, कासल. डी गप्प: वेन्झडे. डब्ल्यू गप्प: आन्सर, सोर्ड. कपाटाचा कबर्ड, त्यात पी नाही.

शेवटी आय-एन-ई असलेल्या या शब्दांना 'आईन' लावू नका: डिटर्मिन, एक्झॅमिन, जेन्युइन. भूतकाळाच्या ई-डी ला 'एड' लावू नका. आस्क्ट, स्टॉप्ट, अटॅच्ट, एकाच झटक्यात. फक्त टी किंवा डी नंतर 'इड' येतो: वॉन्टिड, नीडिड.

व्हेजिटेबल चार तुकड्यांचा नाही, तीनच: व्हेज-ट-बल. कम्फर्टेबलही तीन. याउलट ट्युशन दोन तुकड्यांचा नाही, तीनचा: ट्यू-इ-शन. मधला इ खाल्ल्यामुळेच कॉलेज रोडच्या क्लासेसच्या पाट्यांवर टी-यू-टी-आय-ओ-एन असं स्पेलिंग दिसतं. शिकवणीच्या पाटीतच चूक! तिथे दोन आय हवेत.

बाईचा वुमन, बायकांचा विमिन. स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरं अक्षर बदलतं, उच्चारात सुरुवात बदलते. आणि हॉटेलातल्या मोठ्या खोलीला सूट म्हणत नाहीत, स्वीट म्हणतात, मिठाईसारखाच उच्चार. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, अकाउंट्समध्ये असताना, मी एका परदेशी पाहुण्याला फोनवर "युवर सूट इज रेडी" सांगितलं होतं. तो म्हणाला, मी कपडे शिवायला टाकलेच नव्हते.

## ८. कागदावरची जुळी भावंडं

इथे उच्चार सारखा किंवा जवळचा, घोळ लिहिण्यात. ईमेल, मेन्यू किंवा फ्लेक्स छापायला देण्याआधी एवढं पाहा.

डेअरी आणि डायरी. दुधाच्या दुकानावर 'डायरी' रंगवलेलं इतक्यांदा पाहिलंय की आता मोजत नाही. डी-ए-आय दुधाचं, डी-आय-ए वहीचं.

स्टेशनरी, वह्या-पेन्सिलींची, तिच्यात शेवटी ई-आर-वाय. जागचं न हलणारं ते ए-आर-वाय. अचलचा अ म्हणजे ए, असं लक्षात ठेवा.

प्रिन्सिपल. मुख्याध्यापक असतील तर शेवटी पी-ए-एल. माझ्या मुलांची खूण आहे, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पाल. तत्त्व असेल तर पी-एल-ई. पाल एकदा डोक्यात बसली की निघत नाही.

चिली. मिरचीचं सी-एच-आय-एल-एल-आय, थंडीचं शेवटी वाय. मिसळीच्या पाटीवर थंडी नको.

गोड पदार्थाच्या डिझर्टमध्ये एस दोन, कारण श्रीखंड दोनदा वाढून घेतात. वाळवंटात एकच, आणि त्याचा ढम पहिल्या तुकड्यावर.

मोफत नाश्ता कॉम्प्लिमेंटरी, मध्ये आय. मध्ये ई घातलात तर अर्थ 'पूरक' होतो. सेइल आणि सेल तुम्हाला तिसऱ्या टप्प्यापासून कळतातच, आता लिहिताही नीट: फ्लॅट विकायचा असेल तर 'फॉर' नंतर एस-ए-एल-ई.

वाईनवाल्यांसाठी तिघं जण आहेत. पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, पॅलेट म्हणजे टाळू किंवा चवीची जाण, पॅलेट म्हणजे चित्रकाराची रंगपाटी. कानाला तिन्ही जवळपास एकच. चौकटीला एल दोन आणि शेवट ई-टी. टाळूला एल एक आणि शेवट ए-टी-ई. रंगपाटीला एल एक आणि शेवट ई-टी-टी-ई. सेलरही तसाच: तळघराचा सी ने, विक्रेत्याचा एस ने.

सावधान: मोबाईल स्पेलिंग तपासतो म्हणून निर्धास्त राहू नका. डायरी हा शब्द बरोबरच आहे, त्यामुळे लाल रेघ येत नाही. छापण्याआधी कागद उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून वाचा. वाक्याचा ओघ तुटला की चूक दिसते.

## ९. मराठीतून आलेले अर्थाचे घोटाळे

पेन 'लेंड' करतो देणारा, 'बॉरो' करतो घेणारा. मराठीत उसनं देणं आणि उसनं घेणं यात मूळ शब्द एकच, म्हणून गफलत होते.

डिस्कस नंतर अबाउट येत नाही. "विषयाबद्दल चर्चा" मधला 'बद्दल' आपण सोबत ओढून नेतो. रिटर्न बॅक, रिपीट अगेन यांत शेपटं जादा आहेत. "आय केम यस्टरडे ओन्ली" मधला ओन्ली हा आपला 'च' आहे. "कालच आलो" हे मराठीत झकास, इंग्रजीत मात्र ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. ओळख करून देताना मायसेल्फ नको, 'आय ॲम' पुरे. इमारतीच्या मागच्या बाजूला बॅकसाइड म्हणू नका. तो शब्द माणसाच्या बैठकीसाठी वापरतात. 'ॲट द बॅक' म्हणा. लेडीज एक नसते, लेडी एक असते. इक्विपमेंट, फर्निचर, इन्फर्मेशन यांना अनेकवचनाचा एस लावू नका.

पास आउटबद्दल मुलं वाद घालतात. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत पासिंग आउट परेड होते, तिथे तो शब्द चोख आहे. पण "आय पास्ड आउट इन २०१९" हे अमेरिकन माणसाला "मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो" असं ऐकू येतं. कॉलेजबद्दल बोलताना ग्रॅज्युएटेड म्हणा.

## १०. काय सुधारायचं नाही

प्रीपोन खुशाल वापरा, तो आपला असला तरी आता मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आहे. फक्त परदेशी ग्राहकाला समजला ना, एवढं बघा.

मराठी बोलताना मराठीच उच्चार ठेवा. सलून, ट्युशन, पिझ्झा, रिसीट हे आता आपले शब्द आहेत. "आई, मी पिट्-सा मागवतेय" असं म्हणणारी मुलगी चुकत नाही, पण घरातल्यांना चिडवते हे नक्की.

आणि लाजायचं तर अजिबात नाही. देवळालीचा उच्चार गोऱ्या सोल्जरांना जमला नाही. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या कॅम्पात कंटाळलेल्या सैनिकांवरून 'डूलाली' हा शब्द इंग्रजीत शिरला, अर्थ डोकं फिरलेला. आपल्या गावाचं नाव बिघडवून त्यांनी शब्दकोशात घातलं, आणि आपण एका रिसिप्टवरून मान खाली घालतो.

## ११. खऱ्या कामात उतरवा

आठव्या आठवड्यात पहिलं रेकॉर्डिंग काढा आणि तीच पाच वाक्यं पुन्हा म्हणा. दोन्ही लागोपाठ ऐका. जिभेच्या ढिगातले निम्मे शब्द सुटले असतील तर काम नीट चाललंय. एकही सुटला नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा. सातव्यावर उड्या मारू नका.

फोनवर बोलताना तोंड दिसत नाही, म्हणून अडेल तो शब्द बदला किंवा फोड करून सांगा. रेइझन जमत नसेल तर 'ड्राइड ग्रेप्स' म्हणा.

एक अडचण दर बॅचला येते. मागच्या वर्षी मळ्यावर काम करणाऱ्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, मी व्हिन्यर्ड म्हणतो तर साहेब पाहुण्यांसमोरच मला थांबवतात. म्हणतात, वाईनयार्ड म्हण रे. काय करू?"

साहेबांना पाहुण्यांसमोर दुरुस्त करायचं नाही. वादही नाही, शब्दकोश काढूनही दाखवायचा नाही. 'येस सर' म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात शांतपणे व्हिन्यर्डच म्हणायचं. पाहुणे त्यांच्या प्रश्नात तोच शब्द वापरतील. तो दोनदा कानावर पडला की तिसऱ्यांदा साहेब स्वतःच तसा म्हणतात. त्या मुलाला यासाठी तीन शनिवार लागले.